मत वाया जात नाही



निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्या वस्तीत एक वाक्य हमखास कानावर येते. नळावर येते, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर येते, विहारात वंदना आटोपून चपला घालतानाही येते. "माणूस चांगला आहे हो, पण निवडून थोडाच येणार! उगाच मत कशाला वाया घालवायचे?" असे म्हणणारा माणूस वाईट नसतो. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या मताची त्याला किंमत असते, म्हणूनच ते फुकट जाऊ नये असे त्याला वाटते. पण या एका वाक्याने आजवर जेवढे लायक उमेदवार घरी बसवले, तेवढे विरोधकांच्या पैशानेही बसवले नसतील, असे आमचे मत आहे.

या आठवड्यात आम्ही एक हकिकत सांगणार आहोत. हकिकत अमेरिकेची आहे, एका भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्याची आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या विक्रोळीत येऊन पोहोचतो.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक एका दिवसात उरकत नाही. आधी प्रत्येक पक्षात आपला उमेदवार कोण यासाठीच झुंज लागते आणि ती राज्याराज्यांतून महिनोन् महिने चालते. त्या झुंजीच्याही आधी कुठे एखाद्या मेळाव्यात, कुठे एखाद्या भोजन समारंभात जमलेल्या माणसांची मते घेऊन पाहतात. तिला तिकडे 'स्ट्रॉ पोल' म्हणतात. स्ट्रॉ म्हणजे गवताची काडी. खळ्यावर उपणणीला उभा राहिलेला शेतकरी मूठभर भुसा हवेत सोडून वारा कुठला आहे ते पाहतो, तसाच हा प्रकार. आपण तिला कलचाचणी म्हणू. या मताने कोणी निवडून येत नाही आणि कोणी पडतही नाही. फक्त वारा कळतो.

काडीने मत मोजणे आपल्याला मात्र नवे नाही. तथागतांच्या भिक्खुसंघात एखाद्या प्रश्नावर मतभेद झाला तर शलाका वाटून मते घेत. शलाका म्हणजे लाकडाची काडीच. त्या वाटण्यासाठी निःपक्षपाती भिक्खू नेमला जाई. मत उघडपणे घ्यावे, कानात विचारून घ्यावे की गुप्तपणे घ्यावे, याचेही नियम विनयात सांगितले आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी देशाला याचीच आठवण करून दिली होती. संसदीय कामकाजाचे नियम भिक्खुसंघांना ठाऊक होते, ठराव, गणपूर्ती, मतदान हे सारे तिथे होते, असे त्यांनी ठासून सांगितले. तेव्हा काडीचे मोल आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

पण काडीने वारा कळायचा तर ती सगळ्यांच्या अंगणात टाकली पाहिजे. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या गाजलेल्या साप्ताहिकाने तब्बल १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. त्या मोजून त्यांनी सांगितले की लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून निवडून आले! असे का झाले? त्या साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या पुस्तकांतून आणि मोटार मालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार कोणाच्या दारात होती? रोजगार गेलेला कामगार त्या यादीत नव्हताच. गरिबाला न विचारता गरिबाच्या देशाचा निकाल सांगायला निघाले आणि तोंडघशी पडले. आजही कोणी छापून आणले की 'अमक्याला काही वाव नाही', तर आधी विचारावे, काडी कोणाच्या अंगणात टाकली होती बाबा?

आता मूळ हकिकतीकडे वळू.

जिमी कार्टर हे जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावचे. गाव सहा-सातशे वस्तीचे. घरी भुईमुगाची शेती आणि शेंगांचे गोदाम. १९७१ ते १९७५ ते आपल्या राज्याचे गव्हर्नर होते. पण राज्याबाहेर त्यांना काळे कुत्रे ओळखत नव्हते. १९७३ साली टेलिव्हिजनच्या एका खेळात त्यांना समोर बसवले आणि हा माणूस काय काम करतो ते ओळखा म्हणून सांगितले. समोरच्या मंडळींनी डोळे उघडे ठेवूनही त्यांना चेहऱ्यावरून ओळखले नाही. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहतो असे जाहीर केले, तेव्हा लोक विचारू लागले, कोण जिमी?

फेब्रुवारी १९७५ मध्ये ते आयोवा या मक्याच्या राज्यात गेले. पुढच्या वर्षी पहिला कौल याच राज्यात लागणार होता. डी मॉइन शहरात एका हॉटेलात मोठी खोली घेतली, खाण्यापिण्याची तयारी केली आणि लोकांची वाट पाहत बसले. आली किती माणसे? जेमतेम तीन-चार! आपल्याकडे दोनशे खुर्च्या मांडून पंधरा माणसे आली की उमेदवार रुसून बसतो. कार्टर रुसले नाहीत. उठले, रस्त्यावर गेले आणि भेटेल त्याच्याशी हात मिळवू लागले. पुढे कितीतरी रात्री त्यांनी हॉटेलऐवजी कार्यकर्त्यांच्या घरी काढल्या. सकाळी आपले अंथरूण आपणच आवरायचे, आपली बॅग आपणच उचलायची. ज्याच्या घरी उमेदवार मुक्कामाला राहून गेला, त्या घराला काय वाटत असेल? ते घर मग शेजारच्या दहा घरांना सांगते.

त्यांची पत्नी रोझलिनबाई. त्या एका मैत्रिणीबरोबर मोटारीने गावोगाव निघाल्या. ओळख कोणाची नाही. मग त्यांनी युक्ती काढली. रस्त्यावरून रेडिओचा उंच मनोरा दिसला की तिकडे गाडी वळवायची, आत जाऊन सांगायचे की माझे यजमान राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे आहेत, माझी मुलाखत घ्या. मुलाखत घेणाऱ्याला काय विचारावे ते सुचत नसे, म्हणून पाच-सहा प्रश्न त्या स्वतःच लिहून नेत! आमच्या भगिनींनी यावर थोडा विचार करावा. बोलायला कोणी बोलावील म्हणून वाट पाहायची नाही, प्रश्नसुद्धा आपणच घेऊन जायचे.

आणि पैसा? १९७४ साली अमेरिकेत एक कायदा झाला होता. त्यानुसार प्रत्येक माणसाच्या देणगीतील पहिल्या २५० डॉलरांइतकी रक्कम सरकार उमेदवाराला आपल्याकडून देणार होते. अट एवढीच की अशा छोट्या देणग्यांतून २० राज्यांत प्रत्येकी किमान ५,००० डॉलर जमलेले असले पाहिजेत. म्हणजे एका धनदांडग्याच्या थैलीपेक्षा वीस गावच्या झोळ्यांना किंमत आली. अनोळखी उमेदवाराला या कायद्याने मोठा हात दिला.

आता ती कलचाचणी. २५ ऑक्टोबर १९७५ ची संध्याकाळ. आयोवातल्या एम्स या विद्यापीठाच्या गावी डेमोक्रॅटिक पक्षाचा वार्षिक भोजन समारंभ होता. (हे एम्स म्हणजे दिल्लीचे इस्पितळ नव्हे बरे!) तिथल्या एका वर्तमानपत्राने जमलेल्यांची मते घ्यायचे ठरवले. कार्टर यांचे आयोवातले संघटक होते टिम क्राफ्ट नावाचे तरुण गृहस्थ. त्यांनी ही बातमी हेरली आणि कार्यकर्त्यांना निरोप धाडले की काहीही करा, पण त्या संध्याकाळी हजर राहा. जेवणाचे ताट महाग होते, पण वर सज्जात बसायला स्वस्त तिकिटे होती. कार्टर यांची माणसे ती घेऊन आली आणि त्यांनी आपली मते टाकली. एकूण १,०९४ मते पडली. त्यांतली २५६ कार्टर यांना. टक्केवारी २३, पण क्रमांक पहिला!

हजारभर माणसांच्या सभेतली २५६ मते म्हणजे काय मोठेसे? आपल्याकडे एका चाळीत तेवढी मते असतात. पण दोनच दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले की आयोवात कार्टर पुढे आहेत. ज्याचे नाव कोणी घेत नव्हते, त्याच्यामागे आता बातमीदार फिरू लागले. १९ जानेवारी १९७६ ला आयोवाचा खरा कौल लागला. तिथे त्या काळी लोक शाळेत, कोणाच्या घरी, सभागृहात जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या गटात उभे राहत. त्या दिवशी सर्वांत जास्त म्हणजे ३७ टक्के लोक 'अजून कोणाचेच नाही' असे म्हणणारे निघाले. पण उमेदवारांत कार्टर सुमारे २८ टक्के घेऊन पहिले आले आणि दुसऱ्याला त्यांच्या निम्मेही पडले नाहीत.

मग न्यू हॅम्पशायरची पाळी. त्या कडाक्याच्या थंडीत जॉर्जियाहून सुमारे शंभर माणसे स्वतःच्या खर्चाने तिकडे गेली. बर्फातून घरोघर हिंडली, दारे ठोठावली. 'आम्ही या माणसाच्या गावची माणसे, याला आम्ही ओळखतो' एवढेच त्यांचे भाषण. परत येऊन भेटलेल्या माणसांना त्यांनी हाताने पत्रे लिहिली. भुईमुगाच्या गावची म्हणून लोक त्यांना 'पीनट ब्रिगेड' म्हणू लागले. फेब्रुवारीत तिथेही कार्टर पहिले आले. नोव्हेंबर १९७६ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष निवडून आले. हॉटेलच्या खोलीत तीन-चार माणसे आली होती, त्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

विक्रोळीचा धागा म्हणालो होतो, तो असा. जिमी कार्टर यांच्या आई लिलियनबाई परिचारिका होत्या. जॉर्जियात गोऱ्यांचा वर्णभेद कडक होता, त्या काळातही त्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांची शुश्रूषा करीत आणि त्यांना पुढच्या दाराने घरात घेत. शेजारीपाजारी नावे ठेवीत. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, या बाई पीस कोअर या सेवा योजनेतून भारतात आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत जवळजवळ दोन वर्षे कामगारांच्या दवाखान्यात राबल्या. आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे तिथल्या परिसरात राहतात, त्यांच्या वडीलधाऱ्यांना ती गोरी म्हातारी कदाचित आठवतही असेल. मुलगा निवडणुकीला निघाला तेव्हा नातीला सांभाळायला आणि गावी येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायला हीच आई घरी होती. मुलानेही महाराष्ट्राची वाट धरली. २००६ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, जिमी कार्टर लोणावळ्याजवळ गोरगरिबांसाठी घरे बांधायला आले आणि हातात हातोडा घेऊन राबले. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी पार करून, ते वारले.

याच घरातली आणखी एक मोजणी आम्हाला एम्सच्या मोजणीपेक्षा मोठी वाटते. प्लेन्सच्या त्यांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९६५ साली तिथे मत घेतले गेले की त्यांना दाराशीच अडवायचे का. अडवू नये असे म्हणणारी मते पडली जेमतेम सहा, आणि त्यांतली बहुतेक कार्टर कुटुंबाची! त्या दिवशी कोणीही म्हणाले असते की ही सहा मते वाया गेली. काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून ज्यांच्या वाडवडिलांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी तरी असे म्हणू नये. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच चर्चने पुन्हा मत घेऊन दार उघडले. तोपर्यंत गावचा माणूस राष्ट्राध्यक्ष निवडून आला होता आणि जगाचे कॅमेरे त्या दाराकडे लागले होते, हे खरे. पण अकरा वर्षांपूर्वी सहा माणसे हात वर करून उभी राहिली नसती, तर कॅमेऱ्यांनी दाखवायचे तरी काय?

कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही कार्टर यांची आरती करता की काय? मुळीच नाही. १९७० च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत याच कार्टर यांनी वर्णभेद मानणाऱ्या गोऱ्यांची मते गोंजारली होती. निवडून आल्यावर जानेवारी १९७१ मध्ये पहिल्याच भाषणात, वर्णभेदाचा काळ संपला, असे त्यांनी सांगितले. कृष्णवर्णीय समाजाने हे दोन्ही पाहिले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग यांनी हिशेब मांडला. वर्णभेदाचा कट्टर पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस याला फ्लोरिडात पाडू शकेल असा माणूस हाच आहे, तेव्हा याला बळ द्यायचे. मार्च १९७६ मध्ये फ्लोरिडात वॉलेस पडला. १९७७ मध्ये अँड्र्यू यंग संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचे राजदूत झाले. याला म्हणतात डोळे उघडे ठेवून दिलेला पाठिंबा. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी वर सांगितलेल्या त्याच भाषणात दिला आहे.

कलचाचणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अर्धवट सांगितल्याचा दोष लागेल. त्याच एम्स गावी रिपब्लिकन पक्षाने १९७९ पासून २०११ पर्यंत सहा वेळा कलचाचणी भरवली. मत द्यायला तिकीट लागे आणि तिकिटाचा पैसा पक्षाच्या तिजोरीत जाई. मग काय, उमेदवारच तिकिटे विकत घेऊन वाटू लागले, बसगाड्या भरून माणसे आणू लागले, तंबू ठोकून जेवणावळी घालू लागले. आपल्याला हा देखावा ओळखीचा वाटेल! २०११ साली मिशेल बाकमन ४,८२३ मते घेऊन पहिल्या आल्या. रॉन पॉल यांना ४,६७१, म्हणजे फक्त १५२ मतांनी मागे. पुढे जानेवारी २०१२ च्या खऱ्या कौलात बाकमनबाई सहाव्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडल्या. याउलट २००७ साली हातात फारसा पैसा नसलेले माइक हकबी दुसरे आले, आणि जानेवारी २००८ चा आयोवाचा खरा कौल त्यांनीच जिंकला. या मंडळींचे विचार आपल्याला पटणारे नाहीत, पण धडा घेण्यासारखा आहे. बशीत बसवून आणलेली माणसे बशीबरोबरच परत जातात. आपल्या पायांनी आलेली माणसे पुन्हा येतात. अखेर २०१५ साली ती चाचणीच रद्द झाली.

आपल्या घरात पाहू. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि सहा महिन्यांत, १९३७ च्या निवडणुकीत, मुंबई कायदेमंडळात त्याचे आमदार बसवले. कोणाच्या जोरावर? गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणाऱ्या माणसांच्या. १९४६ मध्ये मुंबईतून संविधान सभेची वाट बंद झाली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांनी बंगालमधून बाबासाहेबांना निवडून पाठवले. 'निवडून थोडेच येणार' असे म्हणून ते घरी बसले असते तर? १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात बाबासाहेब हरले. त्या वेळी त्यांना दिलेली मते वाया गेली असे म्हणायची कोणाची छाती आहे? १९८८ साली मान्यवर कांशीराम अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि तिसरे आले. ते हिशेबच सांगत की पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी पाडण्यासाठी, तिसरी जिंकण्यासाठी. हरलेली मते मोजली जातात, आणि पुढच्या वेळी समोरचा तीच मोजून आपल्या दारात येतो.

म्हणून आमची नम्र सूचना. प्रचाराचे लाउडस्पीकर सुरू होण्याच्या आधीच आपापल्या वस्तीत आपली एक मोजणी करा. रविवारी विहारात बसा. मतदार यादी समोर ठेवा. कोणाचे नाव गळले, कोणती लेक अठराची झाली, कोणती सून माहेरच्या यादीत अडकली, ते लिहून काढा. उमेदवारांची नावे घ्या, त्यांनी आजवर काय केले ते बोला, आणि बायाबापड्यांसह प्रत्येकाला विचारा. कागदाच्या चिठ्ठ्या चालतील. जो माणूस पसंत पडेल त्याच्यासाठी प्रत्येक घराने झेपेल तेवढी वर्गणी काढा, पण पावती फाडून. ज्याने दहा रुपये दिले तो मतदानाच्या दिवशी झोपून राहत नाही. आणि आपली मोजणी नीट लिहून ठेवा. उमेदवार जिंकला तर त्याच्यापुढे ठेवायला, हरला तर पुढच्या खेपेला तिथून सुरुवात करायला.

मग नाक्यावर कोणी म्हणालेच की 'हा थोडाच निवडून येणार', तर भांडू नका. त्याला चहा पाजा, आपली यादी दाखवा आणि विचारा, बंधो, यात तुझे नाव कुठे लिहू?

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!